आबा रानात चुकत नाहीत, मग गोलाईत कसे चुकले?

माळवद (रविवार, रात्री ९:४०)

गेल्या मंगळवारची गोष्ट. आबांना (माझे वडील, वय ७४) डोळे दाखवायला लातूरला आणलं होतं. नंबर लागायला वेळ होता, म्हणून गंजगोलाईत, म्हणजे इथल्या गोल बाजारपेठेत, गेलो. मी मिरची तोलून घेत होतो, तेवढ्यात आबा "तंबाखू घेऊन येतो" म्हणून जे गेले ते दीड तास आलेच नाहीत. फोन नेहमीप्रमाणं घरी, खुंटीला. निम्म्या गोलाईला विचारून झालं. शेवटी एका मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले सापडले. मला बघून उलट म्हणतात, "कुठं गेला होतास रे?"

आता हेच आबा अमावास्येच्या रात्री बॅटरी न घेता घरापासून कोठ्यापर्यंत जातात. मधे तीन धुरे, एक ओढा आणि बुजत आलेली एक विहीर. गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि वासरू पलीकडं अडकलं. आबा थोडा वेळ काठावर उभे राहिले आणि मग वरच्या अंगानं, दोघा-तिघांच्या रानातून, ज्या वाटेनं ते जन्मात गेले नव्हते त्या वाटेनं जाऊन वासरू घेऊन आले.

एकाच डोक्यात हे दोन्ही कसं बसतं? मेंदूत वाट नेमकी साठते कुठं आणि कशी? जाणकारांनी लिहा. अजून एक प्रश्न आहे, पण तो विचारायला जीभ रेटत नाही.

गोलाईचं_पाखरू

दादा, माझा जन्म लातूरचा, घर गोलाईपासून पायी सात मिनिटं. तरी महिन्यातून एकदा सराफ्याकडं निघतो आणि चपलांच्या दुकानांत उगवतो. सोळा रस्ते आहेत, चेष्टा आहे का? आबांना दोष देऊ नका.

खवचट_परभणीकर

आमच्याकडं असा घोळ नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीत एकच रस्ता, तोही खोदलेला.

शरीरशास्त्राच्या_बाई

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त. हा विषय आवडीचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

कानाच्या वर, मेंदूच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. दोन्हीकडं एकेक, बोटाएवढा. १९७१ साली जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, की उंदीर खोलीतल्या एका ठरावीक जागी आला की त्यातली ठरावीक पेशी तडतडायला लागते. दुसऱ्या जागी दुसरी. म्हणजे 'मी आता चिंचेखाली आहे' हे सांगणारी एक पेशी, 'विहिरीपाशी आहे' हे सांगणारी वेगळी. यांना प्लेस सेल म्हणतात. २००५ मध्ये नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत शेजारच्याच भागात ग्रिड सेल सापडल्या. त्यातली एकच पेशी अनेक जागी पेटते, आणि त्या जागा कागदावर मांडल्या तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी दिसते. आपण जमिनीला गुंठे पाडतो तसं मेंदू जागेला पाडतो म्हणा ना. ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं.

आता गोलाईकडं येते. १९७६ साली डेव्हिड ओल्टन यांनी उंदरांसाठी चक्क एक गोलाई बांधली होती. मधे गोल चौथरा, त्यातून निघालेले आठ रस्ते, प्रत्येकाच्या टोकाला खाऊचा एक तुकडा. उंदीर एकदा गेलेल्या रस्त्यावर सहसा परत जात नसत. पण ते ओळख धरत ती चौथऱ्याच्या बाहेरची, म्हणजे खोलीतलं दार, दिवा, भिंतीवरचं काहीतरी. आपल्या गोलाईत उभं राहून बाहेरचं काय दिसतं? चहूबाजूंनी सारखीच दुमजली इमारत. मधे अंबाबाईचं देऊळ आहे, पण ते मधोमधच असल्यामुळे दिशा कळायला देवळाचं दार कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवावं लागतं. आबांच्या रानात कडुलिंब, देवळाचा कळस, विजेचा टॉवर, सगळं लांबून दिसतं.

खवचट_परभणीकर

बाई, अमावास्येला कडुलिंब दिसतो?

शरीरशास्त्राच्या_बाई

चांगला अडवलात. नाही दिसत. अंधारात दुसरा हिशोब चालतो, किती पावलं टाकली आणि कुठं वळलो त्याचा. तोंड कुठल्या दिशेला आहे एवढंच सांगणाऱ्या वेगळ्या पेशीही असतात. सहारातली एक मुंगी अन्न शोधत वेडीवाकडी लांबवर जाते आणि अन्न सापडलं की सरळ रेषेत बिळाकडं येते. २००६ मध्ये संशोधकांनी अन्नापाशी पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय अर्धे कापले. लांब पायवाल्या बीळ ओलांडून पुढं गेल्या, आखूड पायवाल्या अलीकडंच थांबून बीळ शोधायला लागल्या. मुंगी पावलांचा हिशोब ठेवत होती, आणि पाऊल बदलल्यावर तोच चुकला.

गोलाईचं_पाखरू

पायाला केस चिकटवायला कुणाला बसवलं असेल? "काय काम करता?" "मुंगीला उंच करतो."

खवचट_परभणीकर

हसू नका, पगारी काम आहे. पण बाई, उंदीर आणि मुंगीवरून थेट औसा तालुक्यातल्या माणसावर उडी घेणं मला पटत नाही. माणूस वाट बोलून ठेवतो. "बाभळीपासून डावीकडं, मग म्हादेवाच्या देवळामागून." उंदराला कुठला म्हादेव?

कोयता_बीड

उंदराचं मला काय माहीत न्हाई. बैलाचं सांगतो.

म्या धा हंगाम बैलगाडीवर ऊस वाहिलाय. रातच्याला कारखान्यावर गाडी खाली केली की परतीला आपण मोकळ्या गाडीत गोधडी घेऊन आडवं व्हायचं. बैलं बराबर खोपीपुढं येऊन थांबायची. गाडी थांबली की जाग यायची. घड्याळ न्हाई, फोन न्हाई.

एका साली मधी हंगामात मुकादमानं टोळी उठवून कॅनॉलच्या पल्याड नेली. पहिल्या राती गाडी थांबली, म्या उठून बघतो तर जुन्याच जागी. खोपी न्हाई, माणूस न्हाई, नुसती तीन दगडांची चूल अन् राख. अन् बैलं माना टाकून उभी, सोडा आता म्हणून. आशा चार राती.

आता खरी गंमत. माझा सर्जा जुना, आठ सालांचा. जोडीला खोंड त्याच हंगामात घेतलेला. त्या खोंडाला नवी जागा दुसऱ्याच दिशी कळली. कॅनॉलच्या फाट्यावर आलं की सर्जा वढायचा जुन्याकडं, खोंड नव्याकडं. तिसऱ्या राती खाडकन शिवळ मोडली. मुकादमानं उचलीत लावून घेतली ती.

मला सांगा, हुशार कोण? म्या म्हणतो सर्जाच. म्या झोपू शकायचो ते त्याच्या जिवावर. खोंडाच्या भरवशावर झोपलो असतो तर गाडी कॅनॉलात.

शरीरशास्त्राच्या_बाई

कोयता, तुम्ही फाट्यावर जे पाहिलंत त्यावर १९९६ चा एक गाजलेला प्रयोग आहे. पॅकार्ड आणि मॅकगॉ. अधिक चिन्हासारखे चार रस्ते. उंदराला रोज खालून सोडायचं, खाऊ एकाच बाजूच्या टोकाला. आठव्या दिवशी त्याला वरून, म्हणजे उलट बाजूनं सोडलं. बहुतेक उंदीर बरोबर खाऊच्या जागी गेले. 'खाऊ कुठं आहे' हे त्यांना ठाऊक होतं. शिकवणी तशीच चालू ठेवली आणि सोळाव्या दिवशी पुन्हा वरून सोडलं. आता बहुतेक उंदीर रोजच्याच हाताला वळले आणि भलत्या टोकाला पोचले. आता 'कुठं वळायचं' एवढंच उरलं होतं. खोंड म्हणजे आठवा दिवस, सर्जा सोळावा.

पहिलं काम हिप्पोकॅम्पसचं, दुसरं कॉडेट नावाच्या दुसऱ्या भागाचं. पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढं आहे. सोळाव्या दिवशी कॉडेट औषधानं थोडा वेळ बधिर केला, तर तेच उंदीर पुन्हा बरोबर जागी गेले. म्हणजे नकाशा पुसला गेला नव्हता. सवय त्याच्यावर चढून बसली होती, एवढंच.

परभणीकरांच्या शंकेसाठी माणसाचं उदाहरण. हेन्री मोलाइसन या अमेरिकन माणसाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये दोन्हीकडच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढून टाकला. त्यानंतर नवीन काही लक्षात राहीना. आत्ता भेटून गेलेला माणूस परत आला की नवा. पण आरशात बघून चांदणीची रेघ गिरवायला दिली, तर रोज हात सुधारत गेला. आणि रोज म्हणायचा, हे मी पहिल्यांदाच करतोय. हाताला आठवत होतं, माणसाला नाही.

खवचट_परभणीकर

शब्द मागे घेतो. अर्धेच.

मीटर_डाऊन

संभाजीनगरात बावीस वर्षं रिक्षा चालवतोय. मला विचाराल तर सगळ्यात वाईट जागा सिडको. एन-पाच, एन-सात, एन-नऊ, सगळ्या लाइनी सारख्या. जुन्या शहरात या, भडकल गेट, पैठण गेट, मकई गेट, माणूस डोळे झाकून पोचतो. गल्ल्या वाकड्या पण ओळखीच्या.

आता नवी पोरं फोन लावून गाडी चालवतात. परवा एकाला विचारलं गुलमंडी कुठं, तर म्हणे नेट नाही. आणि शहराचं नाव बदलल्यापासून अर्धी गिऱ्हाइकं…

व्यवस्थापक

नामांतरावर स्वतंत्र धागा आहे. इथे नको.

मीटर_डाऊन

मी फक्त पाट्यांबद्दल बोलत होतो साहेब.

शरीरशास्त्राच्या_बाई

मीटर_डाऊन, तुमच्या व्यवसायावर तर मोठं काम झालंय. लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली त्यांचे मेंदू स्कॅन केले, तर हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं टॅक्सी जास्त तितका मोठा. आधीपासूनच मोठा असलेलेच टॅक्सीत येतात की काय, अशी शंका होती. म्हणून पुढं शिकाऊ उमेदवारांचे आधी आणि नंतर असे दोन्ही स्कॅन घेतले. परीक्षा पास झालेल्यांचाच वाढला होता. पुढचा भाग मात्र टॅक्सीवाल्यांचा थोडा लहान असतो, हेही सांगते. फुकट काही मिळत नाही.

फोनचंही बरोबर आहे तुमचं. २०१७ मध्ये लंडनच्याच सोहो भागातल्या रस्त्यांवर एक प्रयोग झाला. माणसं स्वतः वाट काढत होती तेव्हा नवा रस्ता लागला की हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल वाढायची. यंत्र 'डावीकडे वळा' सांगत होतं तेव्हा वाढत नव्हती.

मीटर_डाऊन

म्हणजे माझं डोकं मोजून मिळालं तर त्याचं वेगळं भाडं लावता येईल. बायकोला दाखवतो हा मेसेज.

माहेर_सास्तूर

वाचायलेय सगळं. हसू पण येतंय. पण सर्जाची ती राखेची चूल वाचून थांबले.

१९९३ ला मी नऊ वर्षांची होते. २९ सप्टेंबरला गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले, पहाटे भूकंप झाला. त्यावर लिहीत नाही. नंतरचं लिहिते.

काही वर्षं पत्र्याच्या शेडात काढून आम्ही नव्या गावात गेलो. सरळ ओळी, एका मापाची घरं, रुंद रस्ते. सगळे म्हणायचे काय छान. आमच्या थोरल्या मायला मात्र ते गाव कधी कळलंच नाही. दारातून बाहेर पडली की डाव्या हाताला वळायची, हातात कळशी. जुन्या घरी डावीकडं आड होता. नव्या गावात डावीकडं नुसती लांब ओळ. दोनदा दुसऱ्याच्या घरात जाऊन चुलीपुढं बसली. तिसऱ्यांदा आईनं आमच्या दाराच्या कडीला तिच्याच फाटक्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधली. मग ती चिंध्या बघत बघत यायची. पुढं शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी पण आपापल्या चिंध्या बांधल्या. मग पुन्हा घोळ.

जुन्या गावात गल्ल्या इतक्या वाकड्या होत्या की पाहुणा हमखास चुकायचा. आम्ही लेकरं माळवदावरून माळवदावर जायचो.

कितीतरी वर्षांनी मी तिला जुन्या जागी घेऊन गेले. दगडमातीचे ढीग आणि बाभळी. मला काहीच ओळखू येईना. ती काठी टेकत टेकत सरळ चालत गेली. "ही ढाळज. इथं बळद. उंबरा सांभाळ." आणि खरंच पाय उचलून पलीकडं टाकला. उंबरा तिथं नव्हता.

नांदेडची_सून

ताई.

शरीरशास्त्राच्या_बाई

माहेर_सास्तूर, यावर शास्त्र सांगायला संकोच वाटतो. तरी एकच गोष्ट लिहिते. उंदराला एका खोलीतून वेगळ्या खोलीत नेलं की हिप्पोकॅम्पस जुनाच नकाशा ताणून बसवत नाही, पेशींची नवीन मांडणी करतो. परत जुन्या खोलीत आणलं की जुनी मांडणी जशीच्या तशी उठते. थोरल्या मायच्या डोक्यात जुनं गाव शेवटपर्यंत उभं होतं.

खवचट_परभणीकर

दोन दिवस या धाग्यावर काही लिहावंसं वाटलं नाही. आता मूळ प्रश्नाचा एक तुकडा राहिलाय म्हणून आलो. आबा ओढ्याकाठी उभे राहिले आणि कधी न गेलेल्या वाटेनं गेले. सवय म्हणावी तर ती वाट सवयीची नाही. आठवण म्हणावी तर जिथं गेलोच नाही तिथली आठवण कशी?

शरीरशास्त्राच्या_बाई

हाच प्रश्न एडवर्ड टोलमन यांना पडला होता. उंदराच्या शिकलेल्या वाटेवर अडथळा टाकला तर तो बऱ्याचदा खाऊच्या दिशेची नवी वाट धरतो. म्हणजे त्याच्याजवळ वाटांची यादी नसून नकाशा असला पाहिजे, असं त्यांनी १९४८ मध्ये मांडलं. पेशी सापडायच्या आधी, नुसतं वागणं बघून. तुकडे ओळखीचे असले की त्यांची जोडणी नवी करता येते. आबांनी प्रत्येकाचं रान कधी ना कधी पाहिलेलं असणार, कुणाच्या पेरणीला, कुणाच्या बारशाला.

टोलमननी आणखी एक टिपलं होतं. फाट्यावर उंदीर थबकतो आणि मान इकडं तिकडं करतो. २००७ मध्ये जॉन्सन आणि रेडिश यांनी त्या थबकण्याच्या वेळी प्लेस सेल तपासल्या. उंदीर उभा एकाच जागी, पण पेशी पेटत होत्या पुढच्या रस्त्याच्या. आधी एका वाटेच्या, मग दुसऱ्या. पाय न हलवता तो दोन्हीकडं जाऊन येत होता. माझ्या मते आठवणीचं मोठं काम हेच. मागचं जपणं हे त्यातलं दुय्यम.

माळवद

बाई, आबा ओढ्याकाठी उभे होते तेव्हा तंबाखू मळत होते. चांगली पाच मिनिटं. मी ओरडलो होतो, वासरू बुडायलंय आणि तुम्ही मळत काय बसलाव म्हणून.

गोलाईचं_पाखरू

उंदराला तंबाखू मिळाली असती तर मान हलवावी लागली नसती.

नांदेडची_सून

माळवद भाऊ, पहिल्या दिवशी तुम्ही एक प्रश्न गिळलात. मीच काढते.

माझी आई तीस वर्षं एकाच देवळात जायची, घरापासून तीन वळणं. एक दिवस दुसऱ्या वळणावर उभी राहिलेली शेजारणीला दिसली. आम्ही हसलो. "नातवंडांत जीव अडकलाय," म्हणालो. पुढच्या सहा महिन्यांत आणखी दोनदा झालं, तरी हसलो. निदान झालं तेव्हा बरंच पुढं गेलं होतं. अल्झायमर. तुम्हाला घाबरवत नाही. पण हसून सोडू नका.

शरीरशास्त्राच्या_बाई

सूनबाईंचं ऐका. ग्रिड सेल ज्या भागात असतात तो एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स अल्झायमरमध्ये सगळ्यात आधी बिघडणाऱ्या भागांपैकी आहे. म्हणून वाट चुकणं हे लवकरचं लक्षण असू शकतं. पण फरक लक्षात घ्या. गर्दीच्या, क्वचित गेलेल्या जागी चुकणं वेगळं आणि रोजच्या वाटेवर चुकणं वेगळं. आबा रानात कधी चुकले का?

माळवद

मागच्या महिन्यात एकदा कोठ्यावरून यायला रात्रीचे दहा वाजले. एरवी सातला येतात. "गप्पा मारत बसलो" म्हणाले. कुणाशी, ते सांगितलं नाही. तेव्हापासून डोक्यात आहे. दाखवतो मी त्यांना.

कोयता_बीड

समदे बोलले. उंदीर झाला, मुंगी झाली, लंडन झालं. आबाला इचारलं का कुणी, बाबा कुठं चालला हुतास म्हणून?

माळवद (शुक्रवार, रात्री १०:१५)

नव्हतं विचारलं. काल जेवताना विचारलं. जसं बोलले तसं लिहितो.

"चुकलो कुठं? मी नाही चुकलो, दुकान चुकलं. माझ्या लग्नाच्या आधीपासून गाडी घेऊन यायचो तेव्हा तिथंच तंबाखू घ्यायचो. देवळाच्या दारातून उजवीकडची तिसरी गल्ली, पिंपळाच्या पुढं. गेलो तर पिंपळ नाही. पायरी तीच हाय, दगडाची, मधी चीर गेलेली. आत बघतो तर मोबाइल. म्हणलं बसावं. तू येशीलच हुडकत."

"मग मला विचारलंत का, कुठं गेला होतास?"

"तू मिरचीच्या दुकानात दीड तास काय करायलास, ते विचारलं."

म्हणजे चाळीस वर्षांनी माणूस नेमक्या पायरीवर जाऊन बसला होता, आणि मी निम्म्या गोलाईत ओरडत फिरत होतो. रात्री दहाचं विचारलं तर बायकोकडं बघून गप्प बसले. आज शेजारच्या कोठ्यावरच्या सालगड्यानं सांगितलं, पत्ते खेळत होते.

मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे, तरी दाखवून आणतो. डोळ्यांचं निघालंच आहे, दोन्हीकडं मोतीबिंदू.

कोयता_बीड

सर्जाच निघाले आबा. राम राम सांगा त्येंला.

नांदेडची_सून

सोमवारी काय म्हणतात ते इथं लिहा.

गोलाईचं_पाखरू

चीर गेलेली पायरी आज बघून आलो. खरंच आहे. येताना चपलांच्या दुकानांत निघालो.